आधी नांगर, मग शीड

वाचक विचारतात : थायलंडच्या आंदामान समुद्रात हिवाळी सफर

फुकेतहून यॉट भाड्याने घ्यायची आणि मित्रांसोबत आठवडाभर या बेटावरून त्या बेटावर जायचं, या बेताबद्दलचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. जवळपास प्रत्येक पत्रात शिडांबद्दल विचारलंय, नांगराबद्दल फक्त एका पत्रात. त्या एका पत्राला सगळ्यांत जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : आम्ही पुण्याचे सहा मित्र. एकाने परदेशात पाच दिवसांचा ‘डे स्किपर’ कोर्स केलाय, मी मुंबईत सीबर्ड बोटीवर शिकलो. बाकी चौघांनी शीड जवळून पाहिलेलंही नाही. जानेवारीत बारा मीटरची कॅटामरान (दोन बुडांची बोट) सात दिवस घेणार आहोत. बोट स्वतः चालवावी का? आणि मार्ग कसा आखावा?

जानेवारी उत्तम. नोव्हेंबर ते एप्रिल तिथे ईशान्य मोसमी वारा असतो, बहुधा 10 ते 20 नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). फुकेत बेट आणि मुख्य भूमी यांच्या मधला फांग-न्गा उपसागर त्याच्या आडोशाला येतो, त्यामुळे वारा मिळतो आणि लाट फारशी उठत नाही. नवशिक्याला याहून सोयीचं पाणी शोधावं लागेल.

पहिले दोन दिवस स्थानिक कप्तान घ्या. त्याला बोट चालवायला सांगू नका. तुम्ही चालवा आणि त्याला शेजारी बसवा. सीबर्डसारख्या एकाच बुडाच्या बोटीवर शिकलेल्या हाताची कॅटामरानवर एका बाबतीत फसगत होते. सीबर्ड वारा वाढला की कलते, सुकाणू जड होतं, तुम्हाला कळतं. कॅटामरान कलत नाही. वारा दीडपट झाला तरी टेबलावरचा चहा जागेवर असतो आणि सगळा ताण मुकाट डोलकाठीवर आणि तिच्या तारांवर जातो. म्हणून तिथे अंगाच्या अंदाजावर जाऊ नका, वारामापकाच्या आकड्यावर जा.

दुसरी सवय इंजिनांची. दोन्ही सुकाणू मधोमध ठेवायची, एक इंजिन पुढे, दुसरं मागे. बोट जागच्या जागी फिरते. मोकळ्या पाण्यात अर्धा तास हाच एक खेळ करा. मरिनात, म्हणजे यॉटच्या बंदरात, शिरताना चाक फिरवायचंच नाही, दोन लिव्हरनी काम भागतं. मात्र पाण्यावर उंच असलेल्या या बोटीला वारा बाजूने ढकलतो. वेग अगदीच सोडलात तर ती पानासारखी वाहवते.

मार्ग आखताना वारा ईशान्येकडून आहे हे नकाशावर पेन्सिलीने बाण काढून ठेवा. फुकेतच्या पूर्व किनाऱ्यावरच्या आओ पोहून पहिल्या दुपारी को फानाक (‘को’ म्हणजे बेट), साधारण सात सागरी मैल. वारा जवळजवळ तोंडावर, तेव्हा इंजिनवरच जा. दुसऱ्या दिवशी शेजारचं को होंग बघून पूर्वेला को रोई. तिसऱ्या दिवशी दक्षिणेला क्राबीकडचं को होंग; नाव तेच, बेट वेगळं, आणि जीपीएसमध्ये नाव टाकताना इथेच घोटाळा होतो. चौथा मुक्काम क्राबीच्या किनाऱ्यावरचं रेले, दहाएक मैल. पाचव्या दिवशी फी फी, सोळाएक मैल, वारा मागून तिरपा. हा आठवड्यातला सगळ्यांत मजेचा टप्पा. सहाव्या दिवशी फी फीहून परत आओ पो, अंदाजे 28 मैल. ही दिशा वायव्येची, म्हणजे वारा बरोबर उजव्या बाजूला. सहा नॉटने पावणेपाच तास. आठ वाजता नांगर उचला, आओ पोसमोरच्या को नाका याईच्या आडोशाला मुक्काम करा आणि सातव्या दिवशी सकाळी निवांत बोट परत द्या. बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवशी दुपारपर्यंतच बोट परत मागतात.

को राचा याईचं पाणी सुंदर आहे, सगळे सुचवतात. पण तिथून आओ पो जवळजवळ सरळ उत्तरेला येतं, 28 मैलच, आणि वारा तोंडापासून जेमतेम चाळीस अंशांवर. भाड्याची कॅटामरान वाऱ्याच्या इतकी जवळ जात नाही. दिवसभर इंजिन, समोरून लाटा आणि सातव्या दिवशी सहा पडलेले चेहरे. पहिल्या सफरीत राचा नको.

प्रश्न : नांगर टाकल्यावर रात्रभर झोप लागेल असं काय करावं? साखळी किती सोडायची? फुकेतला भरती-ओहोटी फारशी नसते असं ऐकलं, ते खरं का? (ठाणे)

मुंबईच्या मानाने निम्मी असते, पण ‘फारशी नाही’ म्हणण्याइतकी कमी नाही. उधाणाला पाणी अडीच मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, क्वचित त्याहून जास्त. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सगळ्यांत कमी चढउतार. कोकणातला हा हिशेब तिथेही चालतो. सफरीच्या तारखा ठरवताना कॅलेंडरवर तिथी बघा. भांगेचे दिवस मिळाले तर नवशिक्यांना सोपं जातं. भरतीचं कोष्टक ‘को तापाओ नोई, फुकेत’ या ठाण्याचं घ्या. वेळ थायलंडचीच आहे ना तेही बघून घ्या. ती आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे, आणि फोनमधलं ॲप कधीकधी भारतीय वेळच दाखवत राहतं.

आता आकडे. दुपारी चार वाजता तुम्ही एका खाडीत आलात. खोलीमापक 5 मीटर दाखवतो. आधी कप्तानाला किंवा कंपनीच्या माणसाला विचारून ठेवा की हा आकडा पाण्याच्या पृष्ठभागापासूनचा आहे की बोटीच्या बुडापासूनचा. दोन्ही प्रकारे लावता येतो, आणि फरक एक-दीड मीटरचा पडतो. समजा पृष्ठभागापासूनचा आहे. कोष्टकात आत्ताचं पाणी 0.8 मीटर, रात्रीची भरती 2.8, पहाटेची ओहोटी 0.4.

म्हणजे रात्री खोली आणखी 2 मीटर वाढून 7 होणार. साखळी ज्या रुळावरून जाते तो नाळेचा (बोटीच्या पुढच्या टोकाचा) रूळ पाण्याच्या वर 1.5 मीटर. एकूण 8.5. याच्या पाचपट, साधारण 43 मीटर साखळी सोडा. वारा 20 नॉटच्या वर असेल तर सातपट, म्हणजे 60. भाड्याच्या बऱ्याच बोटींवर साखळी एवढीच असते, तेव्हा वाऱ्याच्या रात्री याहून खोल पाण्यात जाऊ नका. चारच्या खोलीवर हिशेब केला असता तर 5 अधिक 1.5, गुणिले 5, साडेबत्तीस मीटर आले असते. संध्याकाळी ते अगदी बरोबर वाटतात. रात्री अकराला पाणी चढतं, साखळी उभी होत जाते, तिची ओढ नांगराला आडवं खेचण्याऐवजी वर उचलू लागते आणि नांगर चिखलातून सुटतो. नवशिक्यांचे बहुतेक नांगर असेच भरतीला सरकतात. वादळ वगैरे लागत नाही.

पहाटेचा हिशेबही करा. 0.4 मीटर पाणी उतरणार, खोली 4.6. कॅटामरान 1.2 मीटर पाण्यात बुडालेली असते, प्रश्न नाही. बुडाखाली दोन मीटर खोल कणा असलेली मोनोहल, म्हणजे एकाच बुडाची बोट, असेल तर खाडीच्या आतल्या, उथळ बाजूला झुलल्यावर काय होईल हे बघून घ्या.

पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. फरकाचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. 2.4 मीटरचा फरक असेल तर मधल्या दोन तासांत 1.2 मीटर पाणी हलतं. प्रवाहही तेव्हाच जोरात असतो.

टाकण्याची रीत : वाऱ्याकडे तोंड करून हळू या, बोट पूर्ण थांबू द्या. नांगर तळाला टेकेपर्यंतच साखळी सोडा. मग वारा बोटीला मागे नेईल तसतशी पुढची साखळी. सगळी साखळी एकदम ओतली तर ती नांगरावरच ढीग होऊन पडते आणि नांगर तिच्यात अडकतो. ठरलेली साखळी सुटली की कॅटामरानचा ब्रायडल लावा. दोन्ही नाळांपासून येणारे दोन दोर साखळीला अडकवायचे आणि आणखी दोन-तीन मीटर साखळी सोडायची, म्हणजे ताण दोरांवर येतो आणि साखळी मध्ये सैल लोंबते. ताण साखळीच्या विजेच्या यंत्रावर कधीही राहू द्यायचा नाही. मग दोन्ही इंजिनं मागे, आधी कमी आवर्तनांवर, मग दोन हजारांच्या आसपास अर्धा मिनिट. याच वेळी बाजूला बघा. जवळचं एक झाड आणि मागचा एक कडा एका रेषेत धरा. ती जोडी आपसात हलली नाही तर नांगर बसला. साखळीवर पाय ठेवूनही कळतं : घट्ट बसलेला नांगर गप्प असतो, सरकणारा तळावरून खरखरत जातो आणि तो थरकाप साखळीतून तळव्याला जाणवतो.

सुकाणूवरचा आणि नाळेवरचा माणूस यांच्यामध्ये दहा मीटर अंतर आणि इंजिनाचा आवाज असतो. हाताच्या चार खुणा आधी ठरवा : पुढे, मागे, थांब, सोड. खाडीतल्या निम्म्या भांडणांचं मूळ इथे असतं.

फोनवरचा नांगर-पहारा (बोट ठरलेल्या वर्तुळाबाहेर गेली की भोंगा देणारं ॲप) नांगर पडतो त्या क्षणी लावा आणि त्रिज्या साखळी अधिक बोटीची लांबी एवढी, म्हणजे इथे 55 मीटर. मागे सरकून झाल्यावर लावला तर वर्तुळाचा मध्यच चुकतो आणि रात्री उगाच भोंगा होतो. शेजारची बोट खोल कण्याची असेल तर जास्त अंतर ठेवा. प्रवाह फिरला की ती प्रवाहाकडे तोंड करते, तुमची कॅटामरान वाऱ्याकडे. दोघी वेगवेगळ्या झुलतात.

आणि हे सगळं चार वाजता. सूर्य सव्वासहा-साडेसहाला मावळतो. पहिली जागा पटली नाही तर दुसरी बघायला उजेड हवा.

प्रश्न : आम्ही सिंगापूरहून दोन कुटुंबं जातोय. मोठं शीड केव्हा कमी करायचं, आणि मागच्या वेळी विंचवर (दोर ताणायच्या चक्रीवर) दोर असा अडकला की सुटेना, ते का झालं?

बोटीच्या माहितीपुस्तकात तक्ता असतो, तो शेवटचा शब्द. शीड थोडं उतरवून लहान करण्याला रीफ घेणं म्हणतात. साधारणपणे 18 ते 20 नॉटला पहिला रीफ, 25 ला दुसरा. ‘घ्यावा का?’ असा विचार मनात आला तर तीच वेळ. सकाळी वारा बऱ्याचदा दुपारपेक्षा जोरात असतो, म्हणून नांगर उचलल्यावर शीड रीफ घेऊनच चढवा. नंतर सोडायला एक मिनिट लागतं.

रीफ घेताना बोट वाऱ्याच्या जवळ आणा, मोठ्या शिडाची शीट म्हणजे ओढदोर ढिला करा. हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवणारा दोर, खुणेपर्यंत उतरवा, पुढचा रीफचा दोर ओढून पक्का करा, हॅलयार्ड पुन्हा ताणा आणि मग मागचा रीफचा दोर. क्रम उलटा झाला की शिडाच्या मधल्या भागात आडव्या सुरकुत्या पडतात आणि कापड शिवणीतून फाटतं. मागचा दोर विंचवर जड जायला लागला की थांबा, वर बघा. नव्वद टक्के वेळा शीट ढिली केलेली नसते किंवा कापडाचा चुणा कुठेतरी चिमटलेला असतो. विजेचा विंच असेल तर अधिकच जपा. त्याला जड-हलकं कळत नाही, तो फाडून टाकतो.

दोर अडकला त्याचं कारण : ढिला असतानाच चार-पाच वेढे घातले असणार. आधी दोनच वेढे, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, हाताने ओढता येईल तेवढं ओढायचं आणि ताण आल्यावर तिसरा-चौथा वेढा. शिवाय दोर विंचकडे थोडा खालून यायला हवा. वरून आला की नवा वेढा जुन्यावर चढतो. अडकलाच तर हिसके देऊ नका. विंचच्या पुढे, ताणलेल्या भागावर दुसऱ्या दोराने रोलिंग हिच ही पकडून ठेवणारी गाठ मारा, तो दोर मोकळ्या विंचवर न्या आणि ताण त्याच्यावर घ्या. पहिला आपोआप सैल होतो. बोटं विंचपासून वीतभर लांब.

उंच चुनखडीच्या कड्यांच्या आडोशाला वारा नाही असं समजू नका. कड्यावरून तो खाली कोसळतो, शांततेनंतर एकदम 25 नॉट. कड्याजवळून जाताना शीट हातात ठेवा, खुंटीला बांधून चहा करायला जाऊ नका.

प्रश्न : मासेमारीची जाळी पंख्यात अडकण्याची भीती वाटते. दिसतात का ती? (रत्नागिरी)

तुम्हाला सवय असेल. बांबूवर फडफडणारं चिंधीएवढं निशाण, थर्माकोलचा तुकडा, रिकामी बाटली. एक माणूस नाळेवर बसवा, तेही वेळ वाटून. एकट्याचे डोळे अर्ध्या तासात थकतात. दोन निशाणं एका ओळीत दिसली तर मधे जाळं आहे असंच धरा आणि टोकाला वळसा घाला. सुट्या तरंगत्या बोयाच्या, प्रवाह ज्या दिशेला वाहतो त्या बाजूने जा. त्याचा दोर तळाकडे प्रवाहाच्या उलट दिशेला गेलेला असतो.

अडकलंच तर ताबडतोब न्यूट्रल, मग दोन्ही इंजिनं बंद. दुसरं इंजिन वापरायचा मोह होतो, पण त्याच जाळ्याचं दुसरं टोक तिकडे लोंबत असतं. शिडं गुंडाळा, पाणी उथळ असेल तर नांगर टाका. किल्ल्या काढून एकाच्या खिशात. मगच मास्क लावून, कमरेला दोर बांधून, दात असलेली सुरी घेऊन एक जण पाण्यात. आधी पंखा हाताने उलटा फिरवून बघा, निम्मं काम तसंच होतं. लाट असेल आणि बोटीचं बूड वरखाली आपटत असेल तर उतरूच नका. व्हीएचएफ रेडिओवर 16 नंबरच्या चॅनेलवर मदत मागा.

इंजिनाचंच आणखी एक : प्रत्येक वेळी सुरू केल्यावर मागे वाकून बघा, धुरासोबत पाणी पिचकतंय का. नसेल तर बंद करा. गाळणीत जेलीफिश किंवा प्लॅस्टिकची पिशवी अडकलेली असते. समुद्राच्या पाण्याचा झडप-वाल्व्ह बंद, गाळणी उघडून साफ, झाकण घट्ट, वाल्व्ह उघडा. शेवटचं विसरलं तर पाणी ओढणारा रबरी इंपेलर कोरडा फिरून मिनिटभरात जळतो.

प्रश्न : सहा जणांना सात दिवस पाणी किती? जेवणाचं काय? (नाशिक)

टाकीवर समजा 700 लिटर लिहिलंय. माणशी रोज 25 लिटर धरले तर दिवसाला 150, म्हणजे पाचवा दिवस उगवायच्या आत टाकी रिकामी होत आलेली. समुद्रातच अंघोळ, वर दोन लिटर गोड पाणी, भांडी आधी समुद्राच्या पाण्यात घासून मग गोड्या पाण्यात विसळणं : एवढ्यावर माणशी 12-15 लिटर पुरतं. पिण्याचं वेगळं, रोज तीन लिटर, एकूण 126. वीस लिटरचे सात जार घ्या. सगळे एका बाजूला रचू नका.

कुकर घरून न्या. खिचडी तीन शिट्ट्यांत होते, गॅस आणि पाणी दोन्ही वाचतं, झाकण बंद असल्याने बोट डुलली तरी सांडत नाही. भाजणी, पोहे, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी पुरेशी. तांदूळ, भाज्या, नारळ, अंडी फुकेतला उत्तम मिळतात. बोट चालू असताना फोडणी करायची नाही, फी फीच्या टप्प्यात तर नाहीच. गॅस प्रत्येक वेळी सिलिंडरवरच बंद करा. हा वायू हवेपेक्षा जड असतो, गळला तर बोटीच्या तळात जाऊन साठतो, नाकाला वास येईपर्यंत उशीर झालेला असतो.

रात्री बॅटरीचा आकडा बघा. शिसे-आम्लाच्या साध्या बॅटऱ्या 12.2 व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका. सगळ्यांत जास्त वीज फ्रिज खातो, आणि तो उघडा ठेवून ‘काय खाऊ’ म्हणून विचार करणारा माणूस.

संडासाबद्दल नियम एकच : पोटातून गेलेलं सोडून आत काहीही टाकायचं नाही. कागद वेगळ्या पिशवीत. हातपंप असेल तर वीस वेळा मारा, पाइपातलं सगळं पुढे सरकायला तेवढे लागतात. तुंबलं तर ते उघडून साफ करण्याचं काम कोणाचं, हे पहिल्याच दिवशी चिठ्ठ्या टाकून ठरवा. मग कोणी कागद टाकत नाही.

प्रश्न : बेटांच्या पोटातले ते ‘होंग’ बघायला कधी जावं? (मुंबई)

होंग म्हणजे थाई भाषेत घरातली खोली. चुनखडीचं बेट आतून पोखरलं जाऊन छत कोसळलं की चहूबाजूंनी कडे आणि मधे आकाशाला उघडं तळं, अशी ती खोली तयार होते. आत जायचं ते गुहेतून, कयाकने. को फानाकच्या गुहेत मिट्ट काळोख असतो, डोक्याला बांधायचा दिवा हवाच. पाणी अर्ध्यावर असताना जा. पूर्ण भरतीला गुहेचं छत पाण्याला टेकतं, पूर्ण ओहोटीला आत चिखल उरतो. ओहोटी सुरू होऊन दोनेक तास झाले की शिरलात आणि तासाभरात बाहेर आलात तर बरं. चढत्या पाण्यात शिरणारे फसतात : आत रमले की परतीची वाट बुजलेली असते आणि पुढचे काही तास वटवाघळांची सोबत. एक जण बोटीवर राहू द्या, त्याच्याकडे वेळ लिहून.

प्रश्न : मला बस लागते. बोट लागेलच का?

उपसागरात बहुधा नाही, फी फीच्या टप्प्यात शक्य आहे. गोळी आपल्या डॉक्टरांना विचारून घरूनच न्या, आणि निघायच्या तासभर तरी आधी घ्या. मळमळ सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. बहुतेक गोळ्यांनी झोप येते, त्या दिवशी सुकाणू घेऊ नका असं एरवी सांगितलं असतं, पण किंचित मळमळणाऱ्यावर सुकाणू हाच उत्तम उपाय असतो. तेव्हा गोळी नसेल तर सुकाणू, गोळी असेल तर मागच्या बाकावर क्षितिजाकडे नजर. खाली केबिनमध्ये फोन बघत पडणं सगळ्यांत वाईट. सकाळी कोरडं, हलकं खा.

प्रश्न : डिंगीने (सोबतच्या छोट्या होडीने) किनाऱ्यावर जाताना काय काळजी घ्यावी? (कोल्हापूर)

मोठ्या बोटीपेक्षा जास्त. मांडीला किंवा मनगटाला इंजिन-बंद दोरी अडकवल्याशिवाय चालू करायची नाही. माणूस पडला तर डिंगी गोल फिरून त्याच्याच अंगावर येते. इंजिन सुरू होत नसेल तर क्रमाने बघा : टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का, पेट्रोलचा नळ, न्यूट्रल, दोरी जागेवर, मग चोक. बहुधा पहिलंच कारण.

सहा जणांच्या दोन फेऱ्या. रेलेच्या पूर्वेच्या बाजूला ओहोटीला चिखलाचं मैदान उघडं पडतं. भरतीला डिंगी वाळूला लावून जेवायला गेलात तर परत येताना ती पाण्यापासून शे-दोनशे पावलांवर असते, आणि इंजिनासकट ओढायला सहा जणही कमी पडतात. उलट, ओहोटीला ठेवून गेलात तर तरंगत निघून जाते. छोटा नांगर आणि वीस मीटर दोर सोबत ठेवा.

मोठी बोट मागे घेताना डिंगीचा दोर आखूड करा. नांगर टाकण्याच्या गडबडीत हाच दोर पंख्यात जातो, मासेमाऱ्यांची जाळी उगाच बदनाम होतात.

प्रश्न : सरकारी नियम काय आहेत?

राष्ट्रीय उद्यानांत प्रवेशशुल्क असतं, सुटे बाट जवळ ठेवा. प्रवाळावर नांगर टाकायचा नाही, उद्यानाचे बोये असतील तिथे तेच वापरा. बोया पकडल्यावर दोन दोर : डाव्या नाळेचा दोर बोयाच्या कडीतून परत डाव्या खुंटीला, उजवीचा उजवीला. एकच दोर या नाळेतून त्या नाळेला ओवला तर बोट डुलली की तो कडीत करवतीसारखा पुढेमागे सरकत कापला जातो. मग मास्क लावून बोयाची खालची साखळी बघून या. गंजून सुतळीएवढी उरली असेल तर दुसरा शोधा.

फी फी बेटांतली माया बे ही खाडी 2018 मध्ये बंद झाली, जानेवारी 2022 मध्ये उघडली. आता समोरून बोटीने आत जाता येत नाही; बेटाच्या मागच्या लो सामा या खाडीकडून उतरून चालत जायचं, आणि तिथे पोहायला बंदी आहे. प्रवाळाला घातक रसायनं असलेलं सनस्क्रीन 2021 पासून राष्ट्रीय उद्यानांत बंद आहे, दंड एक लाख बाटपर्यंत. लांब बाह्यांचा टी-शर्ट स्वस्त पडतो. ई-सिगारेट थायलंडमध्ये बेकायदा आहे, सामानातूनच काढा. माकडांना खाऊ घालू नका. चावलं तर रेबीजच्या इंजेक्शनांसाठी सफर तिथेच संपते. व्हिनेगरची एक मोठी बाटली बोटीवर ठेवा, बॉक्स जेलीफिशचा डंख झाला तर घासायचं नाही, आधी व्हिनेगर ओतायचं आणि 1669 वर रुग्णवाहिकेला फोन. पर्यटक पोलीस 1155. दोन्ही आकडे नकाशाच्या टेबलावर चिकटपट्टीने लावा.